‘जातो’ सांगून जाणारा माणूस

अहो, घरातून निघताना ‘जातो’ म्हणणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही. आपल्याकडे दूधवालाही ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं की म्हातारी माणसं दचकतात, ‘असं बोलू नये’ म्हणून दटावतात. मी धरमपेठेतल्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, तरी तुम्ही ‘जातो’ म्हणालात की मीही दचकायचे. मग मी हळूच पुटपुटायचे, ‘या’. तुम्हाला ते बरोबर ऐकू जायचं. "पाहा, बाईसाहेब सायन्स शिकवतात," म्हणत तुम्ही स्कूटरला किक मारायचात.

परवा तुमची तेरवी झाली. सुतकाच्या घरातून निघताना मात्र कुणी ‘येतो’ म्हणत नाही, असा आपला रिवाज. कोराडीच्या विजेच्या प्लान्टमधले तुमच्या शिफ्टचे लोक आले, माझ्या शाळेतल्या बाया आल्या, उमरेडहून तुमची भावकी आली. सगळे बसले, पंख्याकडे पाहत राहिले आणि काही न बोलता चपला घालून निघून गेले. दर वेळी मला वाटलं, सलोनी इथे असती तर दारात आडवी पडली असती. न सांगता उठून जाणं त्या पोरीनं चालवूनच घेतलं नसतं.

आता घर रिकामं आहे. तुमच्याशी बोलायला बसले आहे. भांडायला म्हणा हवं तर, आपलं अर्धं राहिलं आहे.

सलोनी आपल्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा सहा वर्षांची होती. दत्तक नव्हे, संगोपनासाठी. तिची केस पाहणाऱ्या समाजसेविका मॅडमनी आपल्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं की मूल तुमच्या घरी राहील, पण तुमचं होणार नाही; तिला कायमचे आईवडील मिळेपर्यंत तुम्ही. आपल्याला मूल झालं नव्हतं आणि त्याचं रडणंही केव्हाच रडून झालं होतं. तुम्ही म्हणालात, "काही दिवस तं काही दिवस. घरात आवाज तं होईल." आवाज असा झाला की शेजारच्या क्वार्टरवाले धावत आले.

पहिलीच सकाळ होती. तुम्ही डबा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालात, "येतो वं बेटा." तिनं तुमच्या पायाला मिठी मारली आणि जी किंचाळायला लागली, ती थांबेचना. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला, तर पुडा बघून आणखीच जोरात. रोज तेच. गंमत म्हणजे तुम्ही गुपचूप मागच्या दारानं सटकलात तर ती दिवसभर नुसती मुकी बसायची. आकांत व्हायचा तो ‘येतो’ म्हटल्यावर. आपण दोघं शहाणे, पण ते आपल्या ध्यानात आलं नाही. पोर घाबरट आहे, रुळेल हळूहळू, असंच म्हणत राहिलो.

मग एक दिवस तुमची सटकली. "अवं सोड नं माय! लेट होऊन राहिलो मी. जातो म्हटलं नं, जातो!" तुम्ही ओरडलात. माझा हात कपाळाला गेला. आणि तिनं तुमचा पाय सोडला. डोळे पुसले. म्हणाली, "वापस कधी?"

"भोंगा झाला की."

"नक्की?"

"भोंगा झाला की वापस. डबा धुवायले तूच घेजो."

शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा ती फाटकाला लटकून उभी होती. तुम्ही आलात, भुवयांवर राख, शर्टाला तेल, आणि तिनं तुमच्या हातातून डबा ओढून घेतला. त्या दिवसापासून आपल्या घरात ‘येतो’ हा शब्द बंद झाला. जातो, आणि वापस कधी ते. दोन्ही सांगायचं, आणि सांगितलं ते पाळायचं. पुढे मॅडमशी बोलताना उलगडा झाला. तिच्या आईनं तिला बसस्टँडवरच्या बाकावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि सांगितलं, "इथंच बस, येते मी." पोरगी दिवसभर बसून राहिली. उठवायला आलेल्या पोलिसबाईंना म्हणत होती, मी उठणार नाही, आई ‘येते’ म्हणून गेली आहे. जाहिरात दिली, चौकशा झाल्या, कुणी आलं नाही. हे ऐकून तुम्ही उठून अंगणात गेलात आणि उगाच स्कूटरचा प्लग काढून साफ करत बसलात.

एकदा प्लान्टमध्ये युनिट बंद पडलं. भोंगा होऊन गेला तरी सुट्टी होण्याची चिन्हं दिसेनात. तुम्ही साहेबाची नजर चुकवून स्कूटर काढलीत, घरी आलात, फाटकात उभं राहूनच म्हणालात, "आज अजून टाइम लागते वं. दिवे लागायच्या वेळेले वापस. जातो." आणि गेलात. साहेबानं तुमची चांगली हजेरी घेतली म्हणे. मी म्हटलं, फोन करायचा होता. तुम्ही म्हणालात, "फोनवर तोंड दिसत नाही."

कॉलनीत सगळे हसायचे. तुमच्या ताई तर इतक्या चिडल्या की त्यांनी आपल्या दारात पाणी प्यायचं सोडलं. मला म्हणाल्या, "सुमन, तू शिकलेली आहेस, तुले काही वाटत नाही काय? रोज अपशकुनी बोलून राहिला तो." वाटत होतं की. म्हणून तर मी ‘या’ म्हणायचे.

तिनं तुम्हाला आबाजी केलं आणि मला मावशी. तुमच्या मनात बाबा व्हायचं होतं, मला माहीत आहे. "मी काय एवढा म्हातारा दिसून राहिलो काय?" असं आरशासमोर उभं राहून विचारलंत आणि दुसऱ्या दिवशी मिशा काळ्या करून आलात. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आबाजी, तोंडाले डांबर लागलं." माझंही सांगून टाकते. तिनं मला एकदा विचारलं होतं, तुला आई म्हणू का? मी म्हणाले, नको ग, ती जागा राखून ठेव, कुणीतरी येणार आहे. मग आत जाऊन कांदे चिरत बसले. त्या दिवशीच्या भाजीत कांदा लागतच नव्हता.

आणि मग आपलं ते भांडण.

दोन वर्षं झाली होती. बालकल्याण समितीनं ती दत्तकासाठी मोकळी असल्याचं जाहीर केलं. मॅडम म्हणाल्या, सांभाळलेलं मूल तुम्हीही मागू शकता. दोघांच्या वयाची बेरीज नियमाच्या काठावर बसते, पण बसते. तुम्ही त्याच दिवशी बर्फी घेऊन आलात. मी बर्फीला हात लावला नाही.

"काहून नाही म्हणून राहिली वं तू?"

"तुमच्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आहे, म्हणून."

"स्प्रिंग नवी आहे. पाइप जुना असला तरी चालते, मले विचार, जिंदगीभर तेच केलं."

"ती कॉलेजात जाईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

"ते मले माहीत नाही. आज ती कोणाच्या घरून शाळेत गेली, ते पाह्य."

ती शाळेत गेली की आपण भांडायचो आणि ती यायच्या आत गप्प व्हायचो. मॅडमचा एक शब्द होता, ‘बालकाचं सर्वोत्तम हित’. तुम्ही त्या शब्दावर दात खायचात. "हे हित कोण्या दुकानात भेटते गा? पोरीले विचारलं काय कोणी?" विचारलं ना. समितीनं तिला जवळ बसवून विचारलं आणि ती म्हणाली, "आबाजीकडेच." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आता बोल म्हणून. तरी मी नाही म्हटलं. नवरा-बायको दोघांचा होकार लागतो, एकट्याचा चालत नाही. परत येताना तुम्ही कोराडीपर्यंत एका दमात स्कूटर हाकलीत. मी मागे बसून तुमच्या पाठीशी बोलत होते. की मूल आपल्याला हवं म्हणून घ्यायचं नसतं. त्याला कोण हवं ते पाहायचं असतं. घरी पोचल्यावर हेल्मेट काढताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तिले मी पाह्यजे होतो."

ते तेव्हाही खरं होतं. आजही आहे. पण आज पुन्हा ती समिती बसली आणि मला विचारलं, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. एक आई बाकावर बसवून गेली. त्याच पोरीला मोठं व्हायच्या आत बाप जाताना पाहायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. मी तिच्यावर तुमच्याइतकीच माया केली. माया केली म्हणूनच नाही म्हटलं. तुमच्या ताई मला दगड म्हणाल्या. तुम्ही मात्र कधी म्हणाला नाहीत. रागावलात, जेवला नाहीत, पण दगड म्हणाला नाहीत. हे तुमचे उपकार मी विसरणार नाही.

सलोनीला दत्तक घेऊ पाहणारी अनुजा आणि तिचा नवरा अमरावतीहून आले. चांगली माणसं, वयानं तरुण, जरा घाबरलेली. रविवारी यायचे, सलोनीशी खेळायचे, जायचे. पहिल्याच रविवारी तुम्ही अनुजाच्या नवऱ्याला अंगणात नेलंत. मला वाटलं, आता हे त्याला काही टोचून बोलणार. तुम्ही म्हणालात, "भाऊ, एक गोष्ट ध्यानात ठेवजो. या पोरीले येतो म्हणू नको गा. जातो म्हण. वापस कधी ते सांग. अन् सांगितलं तं ये." तो बिचारा हातातला चहा विसरून तुमच्याकडे पाहत राहिला.

ती जायच्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, तुम्ही ड्यूटीवर जा, उगीच रडारड होईल, पोरीचा पाय निघणार नाही. तुम्ही माझ्यावर इतके कधी ओरडला नव्हतात. "तिच्या जिंदगीत सगळे न सांगता गेले. त्या लोकाइत मले नको बसवू." मग इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही गाडीपाशी उभे राहिलात. गुडघ्यावर बसलात. म्हणालात, "सलोनी, आता तू जाऊन राहिली. मी इथीच आहो. मी तुह्या घरी येणार नाही, ते तुह्यं घर आहे. तुले कधी वाटलं तं तू ये." ती रडली, तुम्ही रडलात, मी रडले. अनुजासुद्धा रडली. पण पोरगी गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "जाते." आणि तुम्ही, माझी नक्कल करत, पुटपुटलात, "ये."

आता अमरावतीचं बोलते, कारण तुम्हाला वाटत असेल की तो विषय मिटला. रिटायर झाल्यावर आपण क्वार्टर सोडून मानकापूरच्या या घरात आलो. एक दिवस तुम्ही म्हणालात, "खापरखेड्याले दोस्ताकडे जाऊन येतो." ‘येतो’ म्हणालात! मी तेव्हाच समजले की तुम्ही खोटं बोलताय. उन्हानं काळवंडून परत आलात, चपलांवर एसटीची धूळ, आणि ताटावर बसून भाकरी कुस्करत राहिलात. मी वरण पुढे सरकवलं. मग तुम्हीच बोललात.

"शाळेच्या गेटापर्यंत गेलो होतो. सुट्टी झाली. दोन वेण्या घालते आता. मैत्रिणीसंगं हसत हसत येऊन राहिली होती."

"मग?"

"मंग काही नाही. पानठेल्याच्या मागं झालो. तिनं पाह्यलं असतं तं पळत आली असती. मंग पुन्हा सारं सुरू झालं असतं तिचं."

मी म्हणाले, "म्हणजे माझं पटलं तुम्हाला."

तुम्ही भाकरीवर वरण ओतलंत. म्हणालात, "पटलं नाही. पण पोरगी हसून राहिली होती."

आपलं भांडण तिथं थांबलं. पुढचं वाक्य कुणाचं होतं, तुमचं की माझं, ते काही केल्या मला आठवत नाही.

शेवटी माझंच खरं झालं. सगळं मी म्हटलं तसंच घडलं. आज ती आपली असती, तर कोवळ्या वयात बाप गेलेली पोर असती. भांडणात मी जिंकले. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. सकाळी उठते, दोन कप चहाचं आधण ठेवते आणि मनात म्हणते, एकदा तरी मला खोटं पाडायचं होतंत.

दशक्रियेला मी नदीवर आले होते. बायकांनी येऊ नये म्हणून ताईंनी तोंड वाकडं केलं, पण मी आले. पुतण्यानं, प्रवीणनं, सगळं नीट केलं. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून मान वाकडी करून पाहत होता, अगदी तुमच्यासारखा. प्रवीण म्हणाला, "काका, काकूले मी पाहीन, फिकर करू नका." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, स्कूटर विकणार नाही म्हणा. कुणी म्हणालं, वरण-भाकरी ठेवा. मग ताई माझ्याजवळ आल्या आणि दंडाला धरून म्हणाल्या, "पोरीचं म्हण वं सुमन. त्याचा जीव तिच्यात अटकून आहे. पोरीले घेऊन येतो म्हण, तिची भेट घालतो म्हण. आता शिवते पाह्य."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला ते माहीत नव्हतं का? तुमचा जीव कशात होता ते माझ्याहून जास्त कुणाला माहीत? शब्द ओठांवर आले होते. नुसतं म्हणायचं तर होतं. पण ती काही कबूल करायचा नारळ नव्हे. तिनं कुणाला भेटायचं, कधी भेटायचं, हे कावळ्यापुढे उभं राहून मी कसं ठरवू? आणि कबूल करून आणलं नाही, तर बसस्टँडवरच्या त्या बाईत आणि माझ्यात फरक काय राहिला? तुम्हाला दिलेला शब्द असता तो, पण फेडायला लागला असता त्या पोरीला. मी गप्प राहिले. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. ताई त्यानंतर माझ्याशी बोललेल्या नाहीत. तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण पानठेल्यामागे उभे राहिलात ते तुम्हीच ना? मग तुम्हाला कळेल.

तुम्ही गेलात त्याच दिवशी मी अनुजाला कळवलं होतं. ती घाबरली. "मावशी, तिला सांगू का? आत्ता कुठे रुळली आहे हो." मी म्हणाले, तू आई आहेस, तू ठरव. माझ्या मनात मात्र होतं की नको सांगू. थोडी मोठी होऊ दे.

काल संध्याकाळी अनुजाचा फोन आला. म्हणाली, "मावशी, मी सांगितलं तिला. आधी वाटलं लपवावं. पण आबाजींनीच आम्हाला शिकवलं होतं ना, की न सांगता कुणी जायचं नाही. तिला तुमच्याशी बोलायचं आहे." बघा, एक भांडण तुम्ही जिंकलात. तेही तिथे बसून.

मग सलोनी आली फोनवर. आवाज बदलला आहे तिचा, अमरावतीचा झाला आहे थोडा. रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, आबाजी जाताना काय म्हणाले? येतो म्हणाले की जातो?"

हे कुणी मला विचारलं नव्हतं, इतके लोक येऊन गेले तरी. दवाखान्यात तुम्हाला आत नेत होते. दुपारची वेळ, स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं, तेल घालायला पाहिजे असं तुम्ही वॉर्डबॉयला सांगत होतात. मग तुम्ही माझा हात सोडलात आणि म्हणालात, "जातो वं." मी सवयीनं ‘या’ म्हणायला गेले, पण निघालं भलतंच. मी म्हणाले, "वापस कधी?" तुम्ही हसलात. म्हणालात, "ते या टायमाले सांगता येत नाही." दार बंद झालं.

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गोड केला नाही.

मग म्हणाली, "म्हणजे खोटं नाही बोलले."

"नाही ग. तुझ्याशी बोलायचे तसेच बोलले."

आता ती रडायला लागली. मोठ्यानं, मोकळी. मागून अनुजा तिला जवळ घेत असल्याचा आवाज येत होता, आणि अहो, खरं सांगते, तो आवाज ऐकून माझ्या जिवाला जितकं लागलं, तितकंच बरंही वाटलं. तिच्याजवळ आई होती. रडायला कूस होती. हेच तर मागत होते मी त्या समितीपुढे.

शांत झाल्यावर म्हणाली, "मावशी, आता जाते. उद्या शाळा सुटली की वापस फोन करते. नक्की."

आज दुपारपासून मी कुठे गेले नाही. दळण आणायचं राहिलं. शेजारच्या काकू हाक मारून गेल्या, मी उठले नाही. त्या पोरीनं बाकावर कसा दिवस काढला असेल, ते आज कळलं. अमरावतीच्या शाळा आता सुटल्या असतील. दप्तर ठेवेल, हातपाय धुईल, विसरलीही असेल. विसरली तर विसरू दे, पोरवय आहे, असं मी मनाला सांगते आणि फोन पुन्हा उलटा करून पाहते.

तुमच्या भाकरीच्या ताटापाशी अडलेलं ते भांडण तसंच राहू द्या. जन्मभर मी तुमच्या तोंडचा तो शब्द तोंडात घेतला नाही. सलोनीसमोर नुसती वापस यायची वेळ सांगून निघायचे, एरवी घरातून निघताना ‘येते’च म्हणत आले.

थांबा. फोन वाजतो आहे.

जाते हो मी.